लोकसेवा आणि लोकसंस्था



वसंतातील सायंकाळ, हवेत थोडासा गारवा, आणि आमचा विषय मात्र रूक्ष! खेड्यापाड्यांतील लोकसेवा आणि त्या सेवांत स्वयंसेवी संस्थांचे स्थान, या विषयावर तासभर ऐकावयास आपण एवढ्या संख्येने जमलात याबद्दल प्रथम आपले अभिनंदन केले पाहिजे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. सार्वजनिक प्रश्नांचा विचार चारचौघांत आणि मोकळेपणाने व्हावा, ही त्या परंपरेची शिकवण. तिला धरूनच आम्ही आज बोलणार आहो.

कोणी विचारील, 'खेड्यातल्या दवाखान्याची किंवा शाळेची चिंता आम्ही नगरवासीयांनी का करावी?' याचे उत्तर आपल्या शहरातल्याच मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन पाहावे. तिथल्या व्हरांड्यात पथारी टाकून बसलेली माणसे बहुधा खेड्यातून आलेली असतात. ज्या तापावर गावाजवळच्या आरोग्य केंद्रात औषध मिळायला हवे होते तो ताप घेऊन ती पन्नास मैल आली. गावातली सेवा खचली की तिचा भार शहरावर येतो. खेड्याचा प्रश्न हा आपल्याच घराच्या मागल्या दाराचा प्रश्न आहे.

प्रथम 'लोकसेवा' या शब्दाचा अर्थ ठरवून घेऊ. देणाऱ्याच्या मर्जीवर चालते ते दान. दान मिळाले तर आभार मानावेत, न मिळाले तर गप्प बसावे. लोकसेवा तशी नव्हे. गावाला पिण्याचे पाणी, मुलांना शाळा, बाळंतिणीला सुईणीचे आणि डॉक्टरचे साहाय्य, गरिबाला धान्य, शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा उतारा, या गोष्टी नागरिकाच्या हक्काच्या आहेत. त्यांचा खर्च करातून होतो, आणि कर केवळ श्रीमंतच भरतो असे नाही. काडेपेटी विकत घेणारी मजूर बाईही तो भरते. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला आणि अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाल्या पाहिजेत असे त्याने सांगितले. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण कायद्याने तरी मोडीत निघाली. व्यवहारात ती किती मोडीत निघाली, ते आपणच ठरवावे.

आता थोडे मागे वळून पाहू. परकी सत्तेच्या काळात खेड्याची सेवा करणारे सरकार जवळजवळ नव्हतेच. ती पोकळी लोकांनी उभारलेल्या संस्थांनी भरली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि बहुजनांच्या मुलांना वसतिगृहाचे दार उघडले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासींच्या मुलांसाठी अंगणवाडी उभी राहिली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा साधा विचार त्यामागे होता. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, आणि आज 'अंगणवाडी' हा शब्द देशभर रूढ आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिच्यात लोकांचा सहभाग पुरेसा नाही असे बळवंतराय मेहता समितीने १९५७ साली दाखवून दिले, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा मोठा पसारा उभा राहिला. त्या वेळी पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटले की, स्वयंसेवी संस्थांचे काम आता संपले. राज्य आपले झाले, पंचायत आपली झाली, मग वेगळी संस्था हवी कशाला?

ही अपेक्षा पुरी का झाली नाही, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. सर्व सरकारी नोकर आळशी किंवा लाचखाऊ असतात, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावणाऱ्या परिचारिका आणि दुर्गम वस्तीवर वर्षानुवर्षे शिकवणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे. नोकराला जाब विचारणारा वरिष्ठ जिल्ह्याला किंवा मुंबईला बसतो. ज्याच्यासाठी सेवा आहे तो गावकरी त्याला जाब विचारू शकत नाही. वरिष्ठाला दिसतो तो कागद, गावकऱ्याला दिसते ती वस्तुस्थिती. कागदावर उपकेंद्र उघडे असते आणि गावात त्याला कुलूप असते. शिवाय ज्याला सेवेची सर्वांत अधिक गरज, तोच सर्वांत दुबळा. भूमिहीन मजूर किंवा पाड्यावरची आदिवासी स्त्री एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला तक्रार करायला जाऊ शकत नाही. गेली तरी दाराशी बसलेला शिपाईच तिला परतवतो.

ही जी सेवा आणि सेव्य यांच्यामधली फट आहे, तीच स्वयंसेवी संस्थेची खरी जागा, असे आमचे प्रतिपादन आहे. या जागेवर उभे राहून संस्थेने दोन कामे करावीत. पहिले, वाट दाखविण्याचे. दुसरे, जाब विचारण्याची ताकद गावात निर्माण करण्याचे. सरकारचे काम कायमचे स्वतःच्या अंगावर घेणे, हे मात्र तिचे काम नव्हे.

पहिल्या कामाची दोन उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड तालुक्यात काम आरंभिले. त्या वेळचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. पाऊस अपुरा, दुष्काळ नित्याचा. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहण्यास तयार होईनात. तेव्हा डॉक्टरांनी गावालाच सांगितले, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, आणि शिकलेले गावात जाऊन करीत. गरोदर स्त्रीची तपासणी, मुलांचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, अशी ही कामे. मुलांच्या बहुतेक मृत्यूंमागे याच गोष्टींची हेळसांड असते. ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिने गावातल्या बाळांचे प्राण वाचविले, आणि ज्या घरांत तिला पूर्वी उंबरठ्याबाहेर उभे करीत त्या घरांनी तिला आत बोलाविले. आरोग्याबरोबर जातीची भिंतही थोडी खचली. १९७८ साली आल्माआटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, त्याआधीच जामखेडच्या प्रयोगाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने घेतली होती.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' संस्थेच्या कामास प्रारंभ केला. नवजात बालके मोठ्या संख्येने दगावत होती, आणि रुग्णालय दूर होते. घरीच, गावच्या स्त्रीच्या हातून, नवजात बाळाची शास्त्रीय काळजी घेता येईल का, असा प्रश्न त्यांनी घेतला. ३९ गावांत आरोग्यदूत शिकवून तयार केल्या, आणि तुलनेसाठी ४७ गावे शेजारी ठेवली. या स्त्रिया बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत, श्वास अडला तर उपाय करीत, आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. थोडे शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यावी काय, असा आक्षेप आला. त्याला उत्तर आकड्यांनी दिले. जन्मानंतर पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दर हजारी सुमारे ६२ बालके दगावत असत. १९९७-९८ पर्यंत ही संख्या पंचविशीच्या आसपास आली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यात गावोगाव 'आशा' नेमल्या गेल्या. २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीची पद्धत देशभर स्वीकारली. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाने त्या घरी सहा भेटी द्यायच्या, घरीच झाले असेल तर सात. ३९ गावांतला प्रयोग लाखो गावांत गेला. कोणतीही संस्था, कितीही पैसा ओतला तरी, स्वतः एवढी गावे सांभाळू शकली नसती. म्हणून आम्ही म्हणतो की, संस्थेने वाट दाखवावी आणि त्या वाटेवरून चालण्याचे काम राज्यावर सोडावे.

मात्र वाट दाखविल्यावर दिवा विझवून घरी जायचे नसते. प्रयोग लहान असताना त्यात जीव असतो. तो मोठा झाला की सांगाडा उरण्याची भीती असते. जामखेडची ताकद दर आठवड्याच्या शिकवणीत आणि गावाने केलेल्या निवडीत होती. आशाची निवडही ग्रामसभेने करावी असा नियम आहे, पण काही ठिकाणी ती गावच्या पुढाऱ्याच्या ओटीवरच होते. शिवाय आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे, आणि तोही वेळेवर मिळत नाही अशी तिची तक्रार. २०२३ साली महाराष्ट्रातील आशांना या प्रश्नांसाठी संपावर जावे लागले. जिच्या हाती आपण नवजात बालक देतो तिच्या हाती वेळेवर दाम द्यायला नको काय? हा प्रश्न संस्थांनी विचारला नाही तर कोण विचारणार?

येथून आम्ही दुसऱ्या कामाकडे वळतो. जाब विचारण्याची एक रीत राजस्थानातून आली. तेथील मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ साली पाली जिल्ह्यातील कोटकिराणा गावी जनसुनावणी भरविली. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचून दाखविली, एवढेच. पण त्या वाचनात मेलेल्या माणसांची नावे निघाली, आणि जे कधी कामावर गेलेच नव्हते त्यांची मजुरी उचललेली निघाली. कागद उजेडात आला की कागदाची सत्ता संपते, हे अशिक्षित मजुरांनी देशाला शिकविले. माहितीचा अधिकार देणारा केंद्राचा कायदा २००५ साली झाला, त्यामागे ही चळवळ होती. महाराष्ट्रात तर असा कायदा त्याआधी, २००२ साली, झाला होता.

आरोग्यसेवेपुरती हीच रीत महाराष्ट्राने २००७ सालापासून वापरून पाहिली. ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख नावाची तरतूद होती. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्यपातळीवर सूत्र सांभाळले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील संस्थांनी गावातले काम केले. पद्धत अशी. गावाची आरोग्य समिती बसते. नर्सबाई आली होती का, लस टोचली का, केंद्रात औषध मिळाले की बाहेरून आणायला चिठ्ठी दिली, बाळंतपणाला पैसे मागितले का, असे प्रश्न घरोघर विचारले जातात. उत्तरांवरून गावाचे प्रगतिपत्रक तयार होते. चांगल्याला हिरवा रंग, मध्यमाला पिवळा, वाईटाला तांबडा. अक्षर न येणाऱ्यालाही कळावे म्हणून. मग आरोग्य केंद्राच्या अंगणात जनसुनावणी भरते. एका बाजूला डॉक्टर आणि अधिकारी, समोर गावकरी. बाई उठून सांगते की, अमुक तारखेला मी आले, मला परत पाठविले. अधिकाऱ्याला तेथेच उत्तर द्यावे लागते.

या सुनावणीत डॉक्टरांचीही बाजू निघते, हे ध्यानात ठेवा. नियमाप्रमाणे तीस हजार लोकवस्तीला, डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजारांना, एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. पण डॉक्टरची जागा रिकामी, औषधांचा साठा वरून आला नाही, गाडीला तेल नाही, अशा अडचणी तो चारचौघांत मांडतो, आणि मग गावकरी व डॉक्टर मिळून जिल्ह्याला जाब विचारतात. जी सभा भांडणाने सुरू झाली ती सहकार्याने संपू शकते. गाव करी ते राव न करी, या म्हणीचा हा खरा अर्थ.

आता धोक्याचा विचार करू. आजचा सर्वांत मोठा धोका असा की, संस्थेची शक्ती वाढविणे म्हणजे सरकारी सेवा तिला ठेक्याने देणे, असा समज पसरतो आहे. या पद्धतीत चांगले काहीच झाले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. कर्नाटकात करुणा ट्रस्टने १९९६ साली गुंबळ्ळी येथील सरकारी आरोग्य केंद्र चालवायला घेतले आणि ते नावारूपाला आणले. निष्ठावंत माणसांच्या हाती सोपविले तर कोणतेही केंद्र सुधारेल. पण निष्ठावंत माणसे निविदेने मिळत नाहीत. आणि ज्या गावात केंद्रही संस्थेचे, अंगणवाडीचा शिधाही संस्थेचा, तेथे गावकऱ्याने जाब कोणाला विचारावा? सरकार म्हणेल संस्थेला विचारा, संस्था म्हणेल अनुदान आले नाही. दोन दारांच्या मध्ये उभा राहिलेला माणूस कोणत्याच घरात जात नाही.

दुसरे असे की, ठेका घेतलेली संस्था मुकी होते. जिचे बिल खात्याकडे अडकले आहे ती त्या खात्याच्या चुका भर सभेत कशा सांगेल? लोकाधारित देखरेखीचा खर्चही त्याच आरोग्य अभियानाच्या निधीतून येत असे. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच घरून परीक्षकाचा भत्ता यावा, ही रचना मुळातच नाजूक आहे. राजस्थानच्या मजूर संघटनेने अनुदाने न घेता सामान्य माणसांच्या वर्गणीवर काम केले, त्याचे मर्म येथे आहे.

पैशाचे इतर मार्गही अरुंद आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने घेतलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली. मोठ्या शहरातील संस्थेमार्फत खेड्यातल्या लहान संस्थेला जो ओलावा पोचत असे तो त्यामुळे आटला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयास लावले, ही गोष्ट चांगली. पण कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे तोच कायदा सांगतो. मग जेथे कारखाना नाही त्या धडगावला आणि धानोऱ्याला कोण विचारणार? आणि दात्याला इमारत आवडते, तिच्यावर पाटी लावता येते. जनसुनावणीवर पाटी लावता येत नाही.

संस्थांच्या बाजूचेही बोलले पाहिजे. नोंदणीचा कागद आणि लेटरहेड एवढ्यावरच जगणाऱ्या संस्था आपल्याकडे कमी नाहीत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देणे पुरेसे, असे त्या मानतात. आमचे म्हणणे असे की, जी संस्था सरपंचाकडे हिशेब मागते तिने आपला हिशेब त्याच ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. किती पैसा आला, कोणाकडून आला, पगारावर किती गेला, गावात किती आला, हे सांगावे. दुसऱ्याच्या घरात दिवा लावणाऱ्याने आपल्या घरात अंधार ठेवू नये.

तर मग संस्थांची शक्ती वाढवायची कशी? आमच्या काही सूचना आहेत. सरकारने संस्थेशी करार केला तर तो गावाच्या फलकावर लावावा आणि पैसे मुदतीत द्यावेत. मार्चअखेरच्या धावपळीत नव्हे. देखरेखीच्या कामाचा पैसा, ज्या खात्यावर देखरेख करायची त्याच्या हातून न येता विधिमंडळाने वेगळा ठेवलेल्या निधीतून यावा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे असे कायदा सांगतो. तिच्यापुढे शाळा, दवाखाना आणि रेशन यांचा अहवाल ठेवण्याची तयारी करून देणे हे संस्थेचे नित्याचे काम असावे. आणि प्रत्येक संस्थेने गावात शिरतानाच तेथून निघण्याचा दिवस ठरवावा. जिच्यावाचून गावाचे पान हलत नाही, ती संस्था थोर नव्हे. आपण गेल्यावर गावातली बाई स्वतः उठून डॉक्टरला प्रश्न विचारते, हे पाहून निघते ती थोर.

शेवटी आपल्यासाठी एक शब्द. आपल्यापैकी अनेकजण देणग्या देतात. पुढच्या वेळी इमारतीच्या निधीऐवजी एखाद्या कार्यकर्त्याच्या वर्षभराच्या पगाराची जबाबदारी दहा घरांनी मिळून घेऊन पाहा. त्यावर नाव कोरले जाणार नाही, पण ज्याची मजुरी आपण दिली तो कार्यकर्ता कोणत्याही खात्यापुढे मान ताठ ठेवून बोलू शकेल. येथे निवृत्त हिशेबनीस आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. हिशेबनीसाने महिन्यातील दोन दिवस एखाद्या लहान संस्थेच्या वह्या नीट लावून दिल्या, वकिलाने माहितीचा अर्ज लिहून दिला, डॉक्टरने आशांच्या शिकवणीला एक दुपार दिली, तर तेही मोठे काम होईल. पैसा सरकारजवळ आपल्यापेक्षा पुष्कळ आहे. त्याच्याजवळ नसते ती एकच वस्तू, गावात बसून खरे सांगणारा माणूस. तो पुरविणे समाजाचे काम आहे.

राज्य आपले आहे, म्हणूनच त्याला प्रश्न विचारायचे. संस्था आपल्या आहेत, म्हणून त्यांनाही विचारायचे. हे विचारणे जेथे रोजचे होईल तेथे उपकेंद्राचे कुलूप फार दिवस टिकणार नाही, एवढा आमचा विश्वास आहे.